लेन्समध्ये होतीस, फोटोत नाहीस

शकू, ये गं इकडं. अशी दाराशी उभी राहू नको, आत ये, माझ्याजवळ बस. आधी मला तुला रागवायचंय, बाकीचं मंग बोलू. अशी जाती का कुणी? जालन्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी दाराशी आली, तू मागच्या सीटवर बसलीस, अंगात एवढा ताप, आणि काच खाली करून मला काय म्हणालीस तर, "अक्का, बॅटऱ्या चार्जिंगला लावून ठेवा, परवा गावातलीच हळद हाय." मी लावल्या. रात्रभरात फुल्ल झाल्या. मी काढून पिशवीत भरल्या. आणि तुझा फोन यायच्या ऐवजी जावयाचा आला.

लोक येतात, बसतात, शकुंतलाबाई किती चांगल्या होत्या म्हणतात, चहा पितात, जातात. मला त्या बोलण्याचा वीट आलाय. चांगली होतीस ते मला कुणी सांगायची गरज नाही. तू किती हट्टी होतीस, ते त्यांना कुठं माहीत आहे? ते मला माहीत आहे. थोरली जाऊ आहे मी तुझी. एका चुलीवर दोघींनी भाकरी केल्या आणि एका कॅमेऱ्यावर दोघींनी पोट भरलं.

तुला नेलं, आणलं, सगळं उरकलं. मंग रेखा माझ्याकडं आली. डोळे सुजलेले, पण लेक तुझीच, काम आठवलं तिला. म्हणाली, "मोठीआई, आईचा फोटो काढून ठेवा, भिंतीवर लावायला." मी म्हटलं, हो, देते की. अगं, सहज म्हणून गेले. आपला धंदाच तो. सबंध टेंभुर्णीतल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या भिंतींवर हार घातलेले जे फोटो आहेत, त्यातले निम्मे आपण दोघींनी केलेले. कुणाची सासू गेली की माणूस आपल्याकडं यायचं, तू विचारायचीस कुणाकुणाच्या लग्नाला गेल्या होत्या, आणि त्या लग्नाच्या घोळक्यातून तेवढा चेहरा तू उचलून काढायचीस. खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसायचीस, मागं निळा रंग भरायचीस, पदर डोक्यावर नसेल तर तोही घ्यायचीस. ते पिंपळगाव रेणुकाईचे म्हातारबाबा आठवतात का? स्वतःचाच फोटो आधी तयार करून ठेवायला आले होते. फेटा नीट करून बसले, आणि स्क्रीनवर बघून म्हणाले, पोरी, ह्याच्यात मी मेल्यावानी दिसून राह्यलो. तू मान वर न करता म्हणालीस, "बाबा, आत्ता लई जित्ते दिसलात तर मागून माणसं घाबरतील ना." हसून हसून त्यांचा फेटा सुटला, आणि तू तोच फोटो पक्का केलास.

तर मी बसले तुझा फोटो हुडकायला. आणि शकू, तू नाहीस.

पहिल्यांदा मला वाटलं, चष्मा बदलायला झालाय. मंग रेखाला शेजारी बसवलं. तुझ्या लग्नाचे, भाऊजी होते तेव्हाचे अल्बम ओल लागून कधीच गेलेत, म्हणून सगळ्या डिस्का लावल्या. बारशाचे, डोहाळजेवणाचे, आपल्या घरच्या लग्नांचे, दिवाळीचे. सगळे आहेत. आमचे हे आहेत, आत्याबाई आहेत, शेजारची शेळीसुद्धा आहे. तू नाहीस. एका ठिकाणी फोटोच्या अगदी कडेला कोपर आहे, काळा दोरा बांधलेलं. एका ठिकाणी तुझ्या त्या मोरपंखी लुगड्याचा काठ आहे, बोटभर. बस. रेखा त्या कोपराकडं बघत राहिली, आणि उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आली.

मला त्या वेळी राग आला तो तुझ्या लेन्सचा. तुझ्या म्हणजे त्या मोठ्या लेन्सचा. किती भांडलो गं आपण तिच्यावरून. भांडण अर्धंच राहिलंय, ते पुरं करायला तरी थांबायचंस.

तुला एकटीला टाकून भाऊजी गेले तेव्हा स्टुडिओत त्यांचा कॅमेरा आणि त्यावरची बारकी लेन्स एवढंच होतं. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आतली जी चीप उजेड धरते ती लहान. त्याच्यावरची लेन्सही त्याच मापाची होती. आपल्या दोघींनाही काही येत नव्हतं. मोबाईलवर बघून बघून शिकलो, हिंदीतून सांगणारा तो पोरगा इतका जल्दी बोलायचा की तू त्याला मधेच थांबवून शिव्या द्यायचीस. पण शिकलो. बायांच्या कार्यक्रमाला बायाच फोटो काढतात म्हणून बोलावणी यायला लागली. आणि एक दिवस तू जालन्याला गेलीस आणि ती वापरलेली, जड, काळीभोर लेन्स घेऊन आलीस. कुणी फोटोग्राफर धंदा सोडत होता, त्याच्याकडून. फुल फ्रेमची लेन्स. मोठ्या चीपच्या कॅमेऱ्यासाठी केलेली. आपल्या लहान कॅमेऱ्यावर ती बसली बराबर, टक्कन आवाज करून. पण डोळा लावला तर सगळं जवळ आलेलं. खोली मावेना. चोवीसची लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर छत्तीसच्या पुढची होऊन बसली, आणि आकडा जेवढा मोठा तेवढी जागा कमी मावते.

मी तुला परातीनं समजावलं, आठवतं का? म्हटलं, शकू, ही लेन्स म्हणजे परात आहे, आणि आपल्या कॅमेऱ्यातली चीप म्हणजे वाटी. परात भरून उजेड आत येतो, त्यातला वाटीभर राहतो, बाकीचा सगळा सांडतो. कशाला एवढा खर्चा केला? आपल्या कॅमेऱ्याच्या मापाची रुंद लेन्स मिळते, ती घेऊ, सगळी माणसं मावतील. तू काय म्हणालीस? तुझ्याकडं उत्तर तयारच होतं. "मधलं तेवढं चोख असतंय, अक्का. कडेचं धुरकट येतंय कोणत्याबी लेन्सचं. आपल्यात ते कडेचं आपोआप गळून जातंय. वाईट काय झालं?"

आणि मी पुन्हा रुंद लेन्स म्हटलं की तुझं ठरलेलं. पुढच्या सीझनला मोठा कॅमेराच घेऊ. मोठा कॅमेरा आला की हीच लेन्स त्याच्यावर पुरती उघडंल. तुम्ही म्हणता ती रुंद लेन्स मोठ्या कॅमेऱ्यावर लावली तर कडा काळ्या येतात, ते पैसे पाण्यात. बोलण्यात तू मला हरवायचीस. खोटं तर काही बोलत नव्हतीस. मी आपली कुठल्याही घरात शिरलं की आधी मागची भिंत बघून ठेवायची, कारण पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागं सरल्याशिवाय तुझ्या लेन्समध्ये घर मावायचं नाही. बायांच्या कपाटाचे कडीकोयंडे माझ्या पाठीला पाठ झाले होते.

रेखाची हळद आठव. तुझ्या लेकीची. त्या दिवशी कॅमेरा मी घेतला तुझ्या हातातून, म्हटलं, आज तू काढायचे नाहीत, आज तू उभी राहायचंस. तू राहिलीस उभी. आपल्या पुढच्या खोलीत मधे रेखा, हळदीनं पिवळी, दोन्हीकडं सगळं घर, आणि उजव्या हाताला दाराशी तू. मी मागं सरले, सरले, पाठीला कपाट लागलं. डोळा लावला तर तुझा खांदा आत, तोंड बाहेर. मी म्हटलं, शकू, एक पाऊल मधी ये. तुझ्या शेजारी आत्याबाई होत्या, सासूच्या मानानं. त्या हलल्या नाहीत. तू मधी आली नाहीस, लेन्सकडं बघितलंस आणि हसलीस.

"बसत न्हाई ना अक्का त्याच्यात. मी होते बाजूला. काढा तुम्ही."

आणि झालीस बाजूला. आत्याबाईंनी श्वास सोडला, तो मला कॅमेऱ्यामागून ऐकू आला. सगळ्यांनाच जरा हलकं वाटलं असणार. विधवा बाईला हळदीच्या फोटोतून बाजूला हो म्हणायला आजकाल जीभ रेटत नाही कुणाची, शिकलेली पोरं समोर असतात. कुणाला म्हणावं लागलंच नाही. लेन्सनं म्हटलं. रेखानं मागं वळून विचारलं, आई कुठंय, तर कुणीतरी म्हणालं, लेन्समध्ये बसत नव्हती.

मी चिडले होते तुझ्यावर. नंतर भांडी घासताना तुला म्हटलंही, उद्याच्या उद्या जालन्याला जाऊन ती रुंद लेन्स आणते. तू म्हणालीस, सीझन होऊ द्या. सीझन झाला. मंग दुसरा झाला. प्रत्येक वेळी तू काहीतरी काढायचीस, कधी दुकान बंद, कधी मोठा कॅमेरा आता घेऊच, कधी नुसतीच हसायचीस.

आता ऐक मी काय बघितलं ते. रेखा आणि मी डिस्का बघत होतो त्यात शेतातला फोटो निघाला. वेळ अमावस्येला सगळे शेतात जेवायला गेल्तो ना, तेव्हाचा. मी काढलेला. सगळे कडब्याच्या कोपीजवळ उभे, मागं तुरी. त्यातही तू नाहीस. आणि मला आठवलं, त्या दिवशीही तू तेच म्हणालीस, बसत न्हाई अक्का, मी होते बाजूला. मी डोळा कॅमेऱ्याला लावून होते, म्हटलं बरं, आणि काढला. शकू, शेत होतं ते. माझ्या मागं भिंत नव्हती की कपाट नव्हतं. पार ओढ्यापर्यंत मागं सरायला रान मोकळं होतं. चार पावलं मागं गेले असते तर तू, तुझ्या मागची बैलगाडी, सगळं मावलं असतं. बसत नव्हतं असं काही नव्हतंच.

त्या फोटोपाशी माझा हात थांबला. रेखा म्हणाली, काय झालं मोठीआई. मी म्हटलं, काही नाही, आणि उठून कपाट उघडलं.

भाऊजींची ती बारकी लेन्स तू डब्यात ठेवली होतीस, तांदळात पुरून. बुरशी लागलीय म्हणाली होतीस. काचेला आतून बुरशी धरली की ती दुसऱ्या लेन्सला लागते म्हणून तू तो डबा वरच्या फळीवर वेगळा ठेवलास आणि मला हात लावू दिला नाहीस. एवढी वर्षं मी हात लावला नाही. आता काढला. तांदूळ झटकला, पुसली, उजेडाकडं धरून बघितली. मंग रेखाला बघायला लावली, म्हटलं माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. रेखा म्हणाली, स्वच्छ आहे की. कॅमेऱ्यावर चढवली. चालली. अठराला नेली आणि तिथंच, कपाटापासून दोन पावलं पुढं उभी राहूनसुद्धा, सगळी खोली आत आली, दारासकट.

तेव्हा मला हसनाबादची हळद आठवली. तुला ती आठवत असणारच, मीच विसरले होते, इतकी बारकी गोष्ट. भाऊजी जाऊन वरीस झालं नसेल. तेव्हा ती बारकी लेन्सच होती, रुंद, म्हणून फोटो काढायला पार जवळ जावं लागायचं. तू वाकून नवरीच्या गालाजवळ कॅमेरा धरला होतास. आणि नवरीच्या चुलतीनं हळदीचं ताट हळूच आपल्याकडं ओढून घेतलं आणि वर पदर धरला. तुझी सावली पडू नये म्हणून. तोंडानं तसं काही बोलली नाही. उलट हसून म्हणाली, काढा की बाई, काढा. तू फोटो काढलास. घरी येताना गाडीत तू कापसाच्या भावावर बोलत होतीस. आणि पुढच्या बाजारच्या दिवशी तू जालन्याहून ती मोठी लेन्स आणलीस, आणि ह्या लेन्सला बुरशी लागली.

त्या मोठ्या लेन्सनं तुला लांब उभं राहता येत होतं. हळदीच्या ताटापासून लांब, सवाष्णींच्या घोळक्यापासून लांब, आणि तरी नवरीचा चेहरा अगदी जवळ. कॅमेरा हातात असेपर्यंत तुला कुणी मागं हो म्हणत नव्हतं, कारण तू आधीच मागं होतीस. आणि कॅमेरा माझ्या हातात आला की बसत न्हाई म्हणून तू बाजूला होत होतीस. सांग मला, असंच होतं का? का मी म्हातारपणी काहीतरी जुळवत बसलेय? माझ्याशी रोज भांडलीस, काचेवरून, मापावरून, खर्च्यावरून, आणि खरी गोष्ट एकदाही बोलली नाहीस. मला का नाही सांगितलंस? मी काय त्या चुलतीसारखी होते का? आपण दोघी एका ताटात जेवलो. माझ्या हळदीकुंकवाची तयारी तू करायचीस, आणि बाया यायच्या वेळेला तुला बराबर स्टुडिओत काम निघायचं. हेही मला आत्ता बोलता बोलता कळून राह्यलंय. अजून काय काय आहे असं, कुणास ठाऊक. एकेक निघतंय आणि विचारायला तू नाहीस.

उलट तू माझ्यावर मायाच केलीस. मला कधी आत्याबाईंशी भांडायची वेळ आणली नाहीस, घरात दोन तट पडू दिले नाहीस, तुझ्या लेकीच्या हळदीत कुणाचं तोंड वाकडं होऊ दिलं नाहीस. सगळा दोष एका काचेवर टाकून मोकळी झालीस. त्यासाठी तुझे उपकार मानू का तुला एक चापट मारू, माझं मलाच समजत नाही. दोन्ही करावंसं वाटतं. समोर असतीस तर दोन्ही केलं असतं.

एक गोष्ट मला झोपू देत नाही. त्या हिंदीवाल्या पोरानं सांगितलं होतं, तू पण ऐकलं होतंस, की फुल फ्रेमची लेन्स लहान कॅमेऱ्यावर लावली तरी ती आपलं काम पुरतंच करते. मोठाच गोल उजेड आत टाकते. कडेच्या माणसाचाही उजेड आत येतो, पण चीप लहान, म्हणून तो चीपच्या बाजूला काळ्या जागेवर पडतो आणि तिथंच विझतो. म्हणजे शकू, रेखाच्या हळदीला तू दाराशी उभी होतीस, आणि मी बटण दाबलं, तेव्हा तू आत आली होतीस. तुझं तोंड, तुझं ते हसू, त्या कॅमेऱ्यात आलं होतं, माझ्या हातात होतं. त्याला धरायला तेवढ्या जागी काही नव्हतं. बोटभर सरकून पडलं असतं तर आज भिंतीवर असतं. भाऊजींच्या जुन्या रुंद लेन्सनं तुला धरलं असतं, किंवा आपल्या ठरलेल्या मोठ्या कॅमेऱ्यानं धरलं असतं. आपण ह्या दोन्हींच्या मधे अडकलो.

आणि मोठा कॅमेरा आला गं. आला, पण कधी, तर तुझ्या गोडजेवणाच्या दिवशी. जावयानं मित्राचा आणला होता, रेखाच्या मनात होतं की आईची लेन्स एकदा तरी तिच्या मापाच्या कॅमेऱ्यावर लावावी. सगळं घर जमलं होतं, म्हणाली, मोठीआई, तुम्हीच काढा. मी नको म्हणत होते. पण तिचं तोंड बघून कपाटाला पाठ लावून उभी राहिले, त्याच जागी. सगळे तसेच उभे राहिले, सवयीनं. डोळा लावला. खोली पुरती उघडली होती. डावीकडची खिडकी, उजवीकडचं दार, दाराशेजारची रिकामी जागा. तू बरोबर सांगत होतीस, लेन्स पुरती उघडली. तुझी जागा पहिल्यांदा फोटोत आली, नुसती जागा. मी काही बोलणार तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "मधी सरका गं जरा, ती जागा मोकळी कशाला." आणि सगळे सरकले. जागा भरली. मी फोटो काढला नाही, कॅमेरा जावयाच्या हातात दिला आणि आत आले. त्यानं काढला असेल, मी बघितला नाही.

आत्याबाईंना तरी काय बोलू. त्या ह्याच रीतीत वाढल्या, आणि तू गेल्यापासून त्या धड जेवत नाहीत. काल मला म्हणाल्या, शकूच्या हातची कढी पाहिजे. कुठून आणू?

भिंतीवर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावा असं सगळ्यांचं म्हणणं आहे. मी केला मोठा. त्यातली तू तू नाहीस गं. कुणीतरी घाबरलेली बाई आहे, तिला आत्ताच कुणीतरी हलू नका म्हणालंय. मी नाही लावला. रेखा सासरी गेली, जाताना म्हणाली, मोठीआई, असू द्या मंग, भिंत तशीच असू द्या. हजार चेहरे गर्दीतून उचलून काढले आपण, आणि तुझ्यासाठी माझ्याकडं एक गर्दी नाही.

आणि आता तर आणखी वाईट होऊन राह्यलंय, ते तुलाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. सकाळी उठल्यावर तुझा चेहरा आठवायला मला वेळ लागतोय. आवाज लगेच येतो, चाल येते, कढीचा वास येतो. तोंड येत नाही. आधी कपाळ येतं, मंग कुठंतरी डोळे, आणि हनुवटीपाशी येईपर्यंत कपाळ निघून गेलेलं असतं. डाव्या भुवईत तीळ होता का उजव्या? परवा रेखाला फोनवर विचारलं, तर तिलाही नक्की सांगता येईना. उद्या आम्हा दोघींनाही आठवलं नाही तर कुणाला विचारायचं? स्टुडिओचं कुलूप मी अजून काढलं नाही. हळदीच्या सुपाऱ्या येतात, मी नाही म्हणून सांगते. पुढं काय करणार मला माहीत नाही, आणि खरं सांगू का, काही करावंसंही वाटत नाही.

म्हणून म्हणते, एकदा ये. रात्री येतीस ती नको, तशी तू येतीस पण पाठमोरी येतीस, आणि मी हाक मारली की कामाला लागतीस. दुपारची ये. ह्या वेळेला घरात मी एकटीच असते, दार उघडंच असतं, कुणी बघणार नाही आणि कुणाच्या ताटावर तुझी सावली पडणार नाही. पुढच्या खोलीत मधोमध बस. बोलू नको काही, भांडू पण नको. नुसतं माझ्याकडं तोंड करून बस, माझं बघून होईपर्यंत. पण लवकर ये शकू. माझ्या डोळ्यांपुढून तू रोज थोडी थोडी जाऊन राह्यली.